तीस सेंटिमीटरची तार, सहा मीटरची पट्टी

मागच्या वर्षापर्यंत ‘उदयोन्मुख तंत्रज्ञान’ हा धडा मी दोन तासांत संपवायचे. पुस्तकातला शेवटचा धडा, परीक्षा तोंडावर आलेली आणि आत नुसत्या व्याख्या. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, क्वांटम संगणन म्हणजे काय, फायदे लिहा, तोटे लिहा. मुलं पाठ करायची, मी गुण द्यायचे. मग एकदा, पेपर हातात पडल्यावर, या प्रश्नात पैकीच्या पैकी मिळालेल्या मुलीनेच मला व्हरांड्यात गाठून विचारलं, “मॅडम, क्वांटम संगणक म्हणजे खूप फास्ट संगणकच ना?” तिने लिहिलेली व्याख्या अचूक होती आणि तिला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. तिचा दोष नव्हता. मी शिकवलंच नव्हतं.

ते मनाला फार लागलं. ही मुलं सतरा वर्षांची आहेत. ज्या यंत्रांबद्दल आपण त्यांना दोन तासांत गुंडाळून सांगतो, त्या यंत्रांसोबत त्यांना पुढची पन्नास वर्षं काढायची आहेत. या वर्षी मी आठवड्याला एक तास मागून घेतला, चौदा आठवड्यांसाठी. स्वतःला एकच नियम घातला: जी गोष्ट वर्गात हाताने करून बघितली नाही, तिच्या भविष्याबद्दल वर्गात बोलायचं नाही.

पहिल्या तासाला तारेचं भेंडोळं आणि पक्कड घेऊन गेले. ही कल्पना माझी नाही, ग्रेस हॉपर यांची. अमेरिकी नौदलातल्या या संगणकशास्त्रज्ञ आपल्या व्याख्यानांत जवळपास तीस सेंटिमीटरचे तारेचे तुकडे वाटायच्या आणि सांगायच्या, हा एक नॅनोसेकंद. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश जास्तीत जास्त एवढाच पुढे जातो. प्रत्येक मुलाने आपापला तुकडा कापून घेतला. मग मी म्हटलं, आता याच्या तीन समान घड्या घाला. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, म्हणजे संगणकातली हिशेब करणारी मुख्य चिप, एका नॅनोसेकंदात तीन ठोके देतो आणि त्या ठोक्यांवरच त्याचं काम पुढे सरकतं. म्हणजे त्याच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा दहा सेंटिमीटरपलीकडे पोचत नाही आणि तारेतला विजेचा संकेत तर त्याहून सावकाश जातो.

बराच वेळ मुलं तारेशी खेळत होती. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला, माझ्या लॅपटॉपपाशी आला आणि ती घडी घातलेली तार त्याने कीबोर्डवर आडवी ठेवली. “मॅडम, प्रोसेसर इथे असला आणि मेमरी या टोकाला असली, तर एका ठोक्यात निरोप जाऊन परत येणारच नाही.” मी त्याला विचारलं, मग काय करशील? तो म्हणाला, “जे सारखं लागतं ते जवळ आणून ठेवीन.” कॅश मेमरी, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळची छोटी मेमरी, का असते, हे मी इतकी वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवत आले. या मुलाने ते दोन मिनिटांत, हातात तार धरून, स्वतः शोधलं. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, हा तास मागून घेतला ते बरं केलं.

दुसऱ्या आठवड्यात मूरच्या नियमाकडे वळलो. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली निरीक्षण मांडलं की चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होते आहे. १९७५ साली त्यांनी स्वतःच ते दोन वर्षांवर आणलं. मी मुलांना दोनच आकडे दिले: १९७१ सालच्या इंटेल ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर (विजेचे इवलेसे स्विच) होते आणि २०२० सालच्या अ‍ॅपल एम१ वर १६ अब्ज. किती वेळा दुप्पट झालं ते काढा. वह्यांमध्ये दुपटी सुरू झाल्या, ४,६००, ९,२००, १८,४०० आणि बहुतेकांचं उत्तर तेवीसच्या आसपास आलं. ४९ वर्षांत २३ दुपटी. भागाकार करून झाल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते, कारण नियम पुस्तकातून उचलून त्यांच्या वहीत आला होता.

पण मला हवा होता तो पुढचा प्रश्न: हे असंच चालू राहील का? साधारण २००५ च्या सुमारास प्रोसेसरच्या ठोक्यांचा वेग वाढवायची वाट अडली, कारण ट्रान्झिस्टर लहान झाले तरी त्या प्रमाणात उष्णता कमी होईना. सिलिकॉनच्या शेजारशेजारच्या दोन अणूंमधलं अंतर जेमतेम पाव नॅनोमीटर आहे, तेव्हा लहान करण्यालाही शेवट आहे. म्हणून एका चिपवर एकाऐवजी अनेक कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, आले, चित्रांसाठी बनवलेल्या चिप दुसऱ्या कामांना जुंपल्या गेल्या, एकेका कामासाठी वेगळ्या चिप निघाल्या. ‘नवं’ म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते त्यातलं पुष्कळसं जुनी वाट अडल्यामुळे काढलेल्या आडवाटांतून आलेलं आहे. हे कळलं की मुलं जाहिरातीच्या भाषेत बोलणं आपोआप कमी करतात.

डीएनएमध्ये माहिती साठवणं आणि मेंदूच्या धर्तीवरच्या चिप, हे दोन्ही मी एकाच तासात उरकलं. विषय सुंदर आहेत, पण वर्गात हाताशी धरता येईल असं काही मला सुचलं नाही. एक तुलना तेवढी लक्षात राहिली: माणसाचा मेंदू सुमारे २० वॉटवर चालतो, जुन्या मिणमिणत्या बल्बइतक्या विजेवर.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे तीन तास मात्र भरगच्च झाले. मुलांना वाटत होतं की मी त्यांना चॅटजीपीटी कसं वापरायचं ते दाखवणार. मी चिठ्ठ्या वाटल्या. फळ्यावर लिहिलं: ‘आज सकाळपासून पाऊस’. पुढचा एकच शब्द लिहा, शेजाऱ्याचं बघू नका. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर ‘पडतोय’ निघाला, काहींवर ‘नाही’, एकदोघांवर ‘थांबलाय’. फळ्यावर मोजदाद मांडली. मग त्याच ओळीच्या आधी आणखी एक वाक्य लिहिलं: ‘शेत वाळून चाललंय.’ पुन्हा चिठ्ठ्या. आता ‘नाही’ वर आला. एका मुलीच्या तोंडून निघून गेलं, “शब्द तेच, पण मागचं वाक्य बदललं म्हणून अंदाज बदलला!” चॅटजीपीटीमागचं भाषा-मॉडेल मुळात हेच करतं, मागचं सगळं विचारात घेऊन पुढच्या तुकड्याची शक्यता मांडतं. मागच्या कोणत्या शब्दाला किती वजन द्यायचं हे शिकण्याची जी रचना २०१७ साली पुढे आली, ट्रान्सफॉर्मर नावाची, तिच्यावर आजची बहुतेक मॉडेलं उभी आहेत.

तिसरी ओळ मी मुद्दाम ठेवली होती: ‘आपल्या शाळेची इमारत बांधून पूर्ण झाली ते साल’. वर्गात एकालाही ते माहीत नव्हतं, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. तरी एकही चिठ्ठी कोरी आली नाही. प्रत्येकावर साल होतं आणि बरीचशी सालं शून्यावर नाहीतर पाचावर संपणारी, दिसायला पटण्याजोगी. मी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत गेले. वर्ग हसत होता आणि मग हळूहळू शांत झाला. “वाक्याला साल हवं होतं म्हणून आम्ही साल दिलं,” एक मुलगा म्हणाला. यंत्र धडधडीत खोटी माहिती इतक्या विश्वासाने का देतं, यावर मी तासभर बोलले असते तरी हे एवढं पोचलं नसतं. आणखी एक गोष्ट मी त्यांना स्पष्ट सांगितली: ‘माहीत नाही’ असं लिहायला मी मनाई केली नव्हती. त्यांनी स्वतःच ती वाट घेतली नाही, कारण चिठ्ठी कोरी देणं म्हणजे हरणं, ही सवय आपण शाळेत लावलेली आहे. ते बोलताना मला स्वतःकडेही बघावं लागलं.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांबद्दल २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी केलेला अभ्यास मी त्यांना दिला. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या प्रणाली त्यांनी तपासल्या होत्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. आकडे फळ्यावर लिहून मी गप्प राहिले. वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघत होत्या. “म्हणजे आमच्यातल्या दर तिघींत एक,” कोणीतरी हळूच म्हणालं. ज्यांचे फोटो शिकवताना कमी दाखवले, त्यांना यंत्र कमी ओळखतं. यावर मला वेगळं काही बोलावं लागलं नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. क्वांटमच्या पहिल्या तासाला मी तेच वाक्य म्हटलं जे सगळीकडे वाचायला मिळतं: क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वांत लहान घटक, एकाच वेळी शून्यही असतो आणि एकही, म्हणून क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकदम तपासून बघतो. मुलांनी लिहून घेतलं. तास संपता संपता खिडकीजवळ बसणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, सगळी उत्तरं एकदम मिळत असतील तर बघताना त्यातलं बरोबर कोणतं हे कसं कळतं?” मी सांगितलं, मोजलं की एकच उत्तर मिळतं. “मग ते कोणतंही मिळेल. त्यापेक्षा चिठ्ठी टाकलेली काय वाईट?” तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी सांगितलेलं वाक्यच अपुरं होतं आणि अपुरं असल्यामुळे दिशाभूल करणारं होतं. मी तिला म्हटलं, मला एक आठवडा दे.

तो आठवडा मी खरोखर अभ्यास केला. पुढच्या तासाला बाकं मागे सरकवली आणि फरशीवर खडूने तीन ओळी आखल्या. पहिल्या ओळीत एक वर्तुळ, त्यात ०. पुढच्या दोन ओळींत दोन-दोन वर्तुळं, ० आणि १. नियम असा: एक पाऊल टाकलं, म्हणजे क्यूबिटवर एक क्रिया केली, की प्रत्येक वर्तुळातून दोन वाटा फुटतात, एक ० कडे, एक १ कडे. प्रत्येक वाटसरूच्या हातात अधिक चिन्हाचं कार्ड. फक्त १ वरून १ कडे जाणाऱ्याने आपलं कार्ड उलटं करायचं, म्हणजे उणे. चार मुलं उभी केली, कारण दोन पावलांत चारच वाटा होतात.

पहिला ० वरून ०, तिथून ०. हातात अधिक. दुसरी ० वरून १, तिथून ०. हातात अधिक. शेवटच्या ओळीतल्या शून्यात दोघं उभी, दोघांकडे अधिक. तिसरा ० वरून ०, तिथून १. अधिक. चौथी ० वरून १ आणि १ वरून पुन्हा १. तिने कार्ड उलटं केलं. शेवटच्या ‘१’ मध्ये आता दोघं उभी होती, एक अधिक, एक उणे. “तुम्ही एकमेकांना खोडलंत, दोघंही खाली बसा,” मी म्हटलं. ती दोघं बसली आणि उभं राहिलं फक्त शून्य.

नाणं दोनदा उडवलं तर दुसऱ्यांदाही छापा-काटा निम्मे-निम्मेच राहतात. क्यूबिटवर ही क्रिया दोनदा केली की तो दर वेळी शून्यावरच परत येतो. नाण्याच्या शक्यतांना उणे चिन्ह नसतं, क्यूबिटच्या वाटांना असतं. सगळी जादू त्या उलट्या झालेल्या कार्डात आहे. पुस्तकांत याला व्यतिकरण म्हणतात. मुलांनी त्याला ‘खोडाखोडी’ नाव दिलं आणि शेवटपर्यंत तेच चाललं.

खिडकीजवळची मुलगी फरशीकडे बघत उभी होती. “म्हणजे चुकीच्या उत्तरांच्या वाटा एकमेकींना खोडतील असं गणित आधी मांडावं लागतं.” हो. “आणि ते प्रत्येक प्रश्नाला मांडता येतं?” नाही. हे ‘नाही’ मला आधीच्या वर्षांत कधी सांगताच आलं नव्हतं. फार थोड्या प्रश्नांसाठी अशी मांडणी सापडली आहे. पीटर शोर यांनी १९९४ साली मोठ्या संख्येचे अवयव काढण्यासाठी ती शोधली. लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ साली शोधण्याच्या कामासाठी, पण तिथे फायदा मर्यादित आहे: दहा लाखांतून एक शोधायचं तर हजाराच्या आसपास पायऱ्या. रोजची बहुतेक कामं क्वांटम संगणकावर जलद होतील असं मानायला काहीच आधार नाही. त्या दिवशी मी मुलांना आधीच्या तासाचं ते वाक्य वहीत खोडायला लावलं आणि फळ्यावर मीही ते लिहून खोडलं.

मग अवयवांचा प्रश्न. वर्गाचे दोन गट केले. एका गटाला दिलं, ८९ आणि ९७ यांचा गुणाकार करा. अर्ध्या मिनिटात आला: ८,६३३. दुसऱ्या गटाला नुसती ८,६३३ ही संख्या आणि प्रश्न: ही कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे? ३, ७, ११, १३ असं भागत भागत त्यांचा तास निघून गेला, शेवटी एकाने ८९ गाठला तेव्हा घंटा व्हायला आली होती. एका बाजूने सोपं, उलट बाजूने अवघड: इंटरनेटवर माहिती गुप्त ठेवणाऱ्या पुष्कळशा कुलपांचा पाया हाच. तिथे वापरल्या जाणाऱ्या संख्या बहुतेकदा २,०४८ बिटांच्या असतात, म्हणजे ६१७ अंकी. मी तशी एक संख्या छापून आणली होती, एका सेंटिमीटरला एक अंक. सहा मीटरहून लांब पट्टी. मुलांनी ती भिंतीवर चिकटवली, फळ्याच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत. ती अजून तिथेच आहे.

अशी संख्या फोडायला किती मोठा क्वांटम संगणक लागेल? इथे मला फार शिकवण्याजोगी गोष्ट सापडली. २०१९ साली क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरा यांनी हिशेब मांडला: दोन कोटी क्यूबिट, आठ तास. २०२५ साली गिडनी यांनीच नवा हिशेब दिला: दहा लाखांहून कमी क्यूबिट, एका आठवड्याच्या आत. सहा वर्षांत क्यूबिटची गरज वीसपट खाली आली आणि ती नुसत्या चांगल्या गणिताने, यंत्र तसं उभं राहिलेलं नसतानाच. दुसरीकडे प्रत्यक्षातलं यंत्र: २०२४ च्या डिसेंबरात गूगलने जाहीर केलेल्या विलो चिपवर १०५ क्यूबिट. मी भिंतीवरच्या पट्टीखाली हे तीन आकडे लिहिले. “मॅडम, लक्ष्य आपल्याकडे चालत येतंय आणि आपण लक्ष्याकडे,” कीबोर्डवर तार ठेवणारा तो मुलगा म्हणाला. मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

मग घाई कसली, असं एकाने विचारलं. मी उलट विचारलं: आज कुलूपबंद असलेली माहिती कोणी नुसती साठवून ठेवली आणि वीस वर्षांनी उघडली तर कोणाचं काय बिघडेल? मुलांनी यादी केली. ओटीपी, काही नाही. परीक्षेचा पेपर, काही नाही. मग कोणीतरी म्हणालं, आजारपणाचे रिपोर्ट. कोणी म्हणालं, दत्तक घेतल्याची कागदपत्रं. कोणी, साक्षीदाराचं नाव. त्या यादीनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, क्वांटम संगणकालाही उघडता येऊ नयेत म्हणून घडवलेल्या कुलपांची पहिली तीन मानकं का जाहीर केली, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

शेवटचे दोन तास भविष्यासाठी. प्रत्येकाने एक भाकीत लिहायचं. पहिल्या फेरीत आलं ते असं: ‘रोबो सगळी कामं करतील’, ‘एआयमुळे जग बदलेल’. सगळे कागद मी परत केले आणि तीन अटी घातल्या: नेमकं काय होईल, कधीपर्यंत आणि झालं की नाही हे कसं ठरवायचं. उदाहरण म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेतले नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांचं २०१६ सालचं विधान सांगितलं. रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांचं, प्रशिक्षण आता थांबवायला हवं, पाचेक वर्षांत यंत्रं हे काम अधिक चांगलं करतील, असं ते म्हणाले होते. मुदत उलटून गेली, एक्स-रे वाचणारी यंत्रं आली आणि रेडिओलॉजिस्टही आहेत. याच हिंटन यांना २०२४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत विभागून मिळालं. इतका मोठा माणूस चुकला, पण तारीख देऊन बोलला म्हणून चूक तरी कळली. अशा माणसाबद्दल मला आदर वाटतो आणि तो मुलांनाही वाटावा अशी माझी इच्छा होती.

तेव्हा एक मुलगा जे बरेच दिवस मनात होतं ते बोलला. “मग मी प्रोग्रॅमिंग शिकू की नको?” वर्ग एकदम गप्प झाला, कारण तो सगळ्यांचाच प्रश्न होता. मी सांगितलं, १९५७ साली फोर्ट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली तेव्हा यंत्राच्या भाषेत एकेक सूचना लिहिण्याचं काम पुष्कळ कमी झालं, पण प्रोग्रॅम लिहिणारी माणसं कमी झाली नाहीत, वाढली. आणि लगेच हेही सांगितलं की एकदा असं झालं म्हणून पुन्हा होईलच असं नाही. त्याला खोटा धीर द्यायचा नव्हता. “तुझ्या हातात कॅश मेमरी का असते हे सांगणारी तार आहे,” मी म्हटलं. “कोड कोणीही लिहिला तरी तो सावकाश का चालतोय हे कोणाला तरी कळावं लागेल. ते तू शीक.” त्याचं समाधान झालं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. तास संपल्यावर मात्र तो मागे थांबला आणि पट्टीवरचे अंक वाचत उभा राहिला.

दुसऱ्या फेरीतले कागद वेगळे होते. खिडकीजवळच्या मुलीने लिहिलं: ‘३१ डिसेंबर २०३१ पर्यंत भिंतीवरच्या पट्टीएवढी संख्या कोणीही क्वांटम संगणकाने फोडलेली नसेल. फोडली असेल तर दोन्ही अवयव गुणून बघा, पट्टीशी जुळले की मी चुकले.’ पडताळणीची इतकी साधी, इतकी चोख अट वर्गात दुसऱ्या कोणाची नव्हती.

सगळे कागद एका मोठ्या पाकिटात घातले. कीबोर्डवर तार ठेवणाऱ्या मुलाने आपल्या कागदाभोवती ती तीन घड्यांची तार गुंडाळून दिली, त्यामुळे पाकीट एका बाजूला फुगलं. त्यावर वर्ष लिहून मी ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. पुढच्या वर्गासाठी तारेचं नवं भेंडोळं खाली आणून ठेवलंय.